परत आलेल्या मुलाला कोण विचारते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालगृहातून मुले 'पळाल्याची' बातमी अधूनमधून छापून येते आणि मुले सापडली, की ती तिथेच संपते. 'पळाली' हे क्रियापदच मला खटकते. काळजी व संरक्षणाची गरज आहे म्हणून बाल कल्याण समितीने तेथे ठेवलेली मुले कैदी नव्हेत.

शोधाबाबत नियम स्पष्ट आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 10 मे 2013 च्या आदेशानुसार हरवलेल्या प्रत्येक मुलाचे अपहरण किंवा तस्करी झाल्याचे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा लागतो, आणि बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत समितीपुढे हजर करावे लागते.

उणीव आहे ती त्यानंतर. मी निवृत्त शिक्षक असून एका बालगृहात दर रविवारी गणित शिकवतो. तेथून गणपतीच्या आदल्या दिवशी निघून गेलेला 13 वर्षांचा मुलगा चौथ्या दिवशी रेल्वे स्थानकावर सापडला. परत आल्यावर त्याचे खेळणे बंद झाले, सोबत्यांना दम मिळाला, फाटकाला नवे कुलूप लागले. तो का गेला होता, हे विचारायचे मात्र राहून गेले. महिन्याभराने दशांश अपूर्णांक सोडवताना त्यानेच सांगितले, की धाकटी बहीण दुसऱ्या जिल्ह्यातील संस्थेत आहे आणि दिवाळीपासून तिच्याशी बोलणे झालेले नाही. (फोन अधीक्षकांच्या टेबलावरच होता.)

मूल मारहाणीला किंवा मोठ्या मुलांच्या त्रासाला कंटाळून गेले असेल, तर त्याच संस्थेच्या अधीक्षकांसमोर ते तोंड उघडणार नाही. म्हणून परतल्यानंतर संस्थेशी संबंध नसलेल्या समुपदेशकाने त्याच्याशी एकांतात बोलावे, आणि जे कळेल ते समितीपुढे ठेवून मुलाच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात त्याप्रमाणे बदल करावा. इंग्लंडमध्ये अशी स्वतंत्र मुलाखत 72 तासांत घ्यावी, असा सरकारी दंडक 2014 पासून आहे. अठरावे वर्ष जवळ आलेल्या मुलांशी तर याहून आधी बोलायला हवे. अनुरक्षणगृहाची, म्हणजे अठरा पूर्ण झाल्यावर बालगृह सोडणाऱ्यांसाठीच्या निवासाची, सोय 21 वर्षांपर्यंत मिळू शकते, हे माझ्या वर्गातील एकालाही ठाऊक नव्हते.

यासाठी नवा कायदा लागणार नाही. महिला व बालविकास आयुक्तालयाने एक परिपत्रक काढावे आणि तपासणी समित्यांनी भेटीच्या वेळी कुलपांसोबत या मुलाखतींची नोंदवहीही पाहावी, एवढीच विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर