लाकडी फरशी फुगली, ठेकेदार आटला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात धुळ्यात अंगाची लाही होत असताना देवपुरातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत सागाच्या पट्ट्यांची फरशी बसवून घेतली. खोली 12 बाय 15 ची, दर चौरस फुटाला 450 रुपये, म्हणजे 81 हजार. पट्ट्या सकाळी टेम्पोतून उतरल्या आणि दुपारी ठोकाठोक सुरू. ‘चार-आठ दिवस खोलीत पडू द्या की,’ असं मी म्हटलं, तर ठेकेदार म्हणाला, ‘माल एकदम ड्राय आहे काका.’ ड्राय होताच. तेच तर दुखणं.

आषाढात पाऊस लागला आणि खोलीच्या मधोमध फरशी उंटाच्या पाठीसारखी वर आली. दार अर्ध्यावर अडतं. शेजारच्या आजी बघायला आल्या आणि म्हणाल्या, ‘हाई काय करी ठेवं भाऊ?’

ठेकेदाराने एकदा येऊन पाहिलं आणि ‘तुम्ही ओला पोछा मारला’ असं सांगून निघून गेला. त्यानंतर फोन उचलत नाही. शेवटी मीच स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या तळाशी फरशीलगत लावलेली, एक पट्टी उचकटली. आत फरशी थेट भिंतीला भिडवलेली! कडेने 8 ते 12 मिलिमीटर फट सोडायची आणि ती स्कर्टिंगने झाकायची, हे या कामातलं पहिलं पथ्य. लाकूड हवेतली ओल पिऊन रुंदीला फुगतं, लांबीला जवळपास नाहीच. 12 फुटांत 4 इंची 36 पट्ट्या बसतात. एकेक अर्धा मिलिमीटर फुगली तरी 18 मिलिमीटर होतात. भिंत सरकत नाही, म्हणून फरशी वर येते. उन्हाळ्यात दार बसवताना आमच्या गावचा सुतार चौकटीत सांध सोडायचा. त्याचं शोरूम नव्हतं.

आता माझी चूक. ‘बिल नको म्हणाल तर जीएसटीचे 18 टक्के वाचतील’ या गोडीला मी भुललो आणि 60 हजार रोख मोजले. हातात काय, तर ठेकेदाराच्या अक्षरातला कोटेशनचा एक कागद आणि मोबाइलवरचे त्याचे मेसेज. बँकेतून दिले असते तर आज पुराव्यासाठी मेसेज चाळत बसावं लागलं नसतं.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असं कामही ‘सेवेतील त्रुटी’ ठरू शकतं. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मात्र मुदत दोनच वर्षांची. पट्ट्या उखडण्याआधी फोटो काढून जाणकाराचा लेखी अभिप्राय घ्यावा, नाहीतर समोरचा पोछ्याचीच गोष्ट सांगणार. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. कागद जमले की आयोगात जाणार.

एक विनंती आपल्यालाही. आपल्या घरसजावटीच्या पुरवणीत लाकडी फरशीचे झकास फोटो येतात. एखाद्या रविवारी त्या कडेच्या फटीचाही छापा.

आपला,
एक वाचक, देवपूर, धुळे