म्हणींच्या जोड्या नकोत, रोजची वाक्यं शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू होतं. तरी दहावी झालेली मुलं दिवाळीनंतर मालवण, तारकर्ली, देवबागच्या निवास-न्याहारीत कामाला लागली की पाहुण्याच्या साध्या वाक्यापाशी अडतात. आपण त्यांच्याकडून जोड्या घोकून घेतो. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' याच्यासमोर 'एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज'. रोजच्या बोलण्यात ही म्हण क्वचितच लागते. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'चंही तेच. पाऊस कोसळताना इंग्रजी बोलणारे बहुतेक 'इट्स पोअरिंग' एवढंच म्हणतात.

गाडी अडते ती छोट्या शब्दांवर. 'ऑफ' घ्या. मुलांना तो पंख्याच्या बटणापुरता ठाऊक असतो. ताटातली सुरमई बाजूला सारून पाहुणा 'द फिश इज ऑफ' म्हणाला, तर मासा खराब झालाय ही तक्रार असते आणि ती ताबडतोब स्वयंपाकघरात पोचायला हवी. वारा सुटला म्हणून किल्ल्याची फेरी 'पुट ऑफ' झाली तर ती पुढे ढकलली, 'कॉल्ड ऑफ' झाली तर रद्द. इथे गल्लत झाली की माणसं जेटीवर ताटकळतात. स्टँडवर जाऊन निरोप देणं 'सी ऑफ', वाटेत उतरवणं 'ड्रॉप ऑफ'. यातल्या बहुतेकांच्या मुळाशी दूर होण्याची, तुटण्याची कल्पना आहे. ती एकदा फळ्यावर दाखवली की पाठांतर निम्मं होतं. सोबत क्रमही शिकवावा. 'स्विच ऑफ द फॅन' आणि 'स्विच द फॅन ऑफ' दोन्ही बरोबर, पण 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'स्विच इट ऑफ'. 'स्विच ऑफ इट' चूक.

दुसरी चूक मराठीतून येते. आपल्याकडे पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत पाऊस 'हेवी', वारा मात्र 'स्ट्राँग'. म्हणून सुटा शब्द नको, जोडीदारासकट लिहावा.

वाक्प्रचार हवेतच, पण इथल्या मुलांना समुद्रावरचे आधी द्या. 'लर्न द रोप्स' शिडाच्या जहाजांवरच्या दोरांमुळे आला. दर्यावर्दी घरातल्या मुलाला तो समजावून सांगावा लागत नाही. 'मिस द बोट' म्हणजे संधी हुकणं. तिथे 'शिप' घातलं तर अर्थ मोडतो. कुठे काय बोलू नये तेही सांगायला हवं. 'किक द बकेट' म्हणजे मरणं हे पाठ असलेला मुलगा शोकसंदेशात तेच लिहील. तिथे 'पास्ड अवे'च हवं.

वहीत दिवसाला चार-पाचच नोंदी असाव्यात. पूर्ण वाक्य, आणि कोण कोणाला म्हणतंय ते. दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी आणि मग तीन आठवड्यांनी पान झाकून मोठ्याने म्हणावं. जे अडेल ते पुन्हा पहिल्या दिवसापासून. नुसतं वाचत राहिलं तर ओळखीचं वाटतं, पण तोंडात येत नाही.

आपल्या दैनिकाने आठवड्यातून एक चौकट अशा पाच वाक्यांना द्यावी, ही विनंती. सोमवारी ती शाळेच्या फळ्यावर उतरवायची जबाबदारी आमची.

आपले,
इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक,
मालवण तालुका