एकच काठी

सोलापूर,
कोजागरी पौर्णिमा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर आपल्या चिमुरडीने "आजी, मला पण गळ टाकायला शिकव" असा हट्ट धरला, तेव्हा तू मागून हसत म्हणालास, "आईचे हे वेड आईपाशीच राहू दे, पुढच्या पिढीला नको." मग फोन हातात घेऊन तू मला विचारलेस की, मासा धरून पुन्हा पाण्यातच सोडायचा असेल तर तो धरायचा तरी कशाला. मला लगेच उत्तर सुचले नाही, आणि तुमच्याकडे कुकरच्या शिट्ट्याही चालू होत्या. म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. लांबले तर दोन बैठकांत वाच.

माझ्या हातात पहिल्यांदा काठी आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुझे आजोबा, म्हणजे माझे अप्पा, गिरणीत साच्यावर होते आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे सायकलवर मला पुढच्या दांडीवर बसवून हिप्परग्याच्या तलावावर नेत असत. एकरूख तलाव हे त्याचे कागदोपत्री नाव. इंग्रजांच्या काळात अधिला नदीला बांध घालून तो 1871 साली पुरा झाला, हे मी पुढे शाळेत मुलांना शिकवले, पण तेव्हा मला तो अप्पांच्या मालकीचा वाटत असे. काठी बांबूची, दोरा सुती आणि पिळून पक्का केलेला, वजनाला चेपलेले शिसे, आणि पाण्यावर तरंगायला ज्वारीच्या धाटाचा सोललेला बोटभर तुकडा. त्या तुकड्याच्या आतला गाभा हलका असल्याने तो झकास तरंगतो. मात्र तास-दीड तासाने पाणी पिऊन जड होतो आणि हळूहळू बुडू लागतो, आणि नवख्या माणसाला मासा लागल्याचा भास होतो. मी पहिल्या दिवशी तीन वेळा त्या धाटालाच हिसका दिला. अप्पा हसले नाहीत. त्यांनी खिशातून दुसरा तुकडा काढून बांधला आणि म्हणाले, "मासा ओढतो तेव्हा तिरका ओढतो, पाणी ओढते ते सरळ खाली." एवढे एकच वाक्य त्यांनी मला शिकवले, बाकीचे सगळे मी त्यांच्या हातांकडे पाहून शिकले.

तुला वाटते तसा हा आरंभापासून छंदच होता असे नाही. 1972 च्या दुष्काळात सुकडीच्या रांगेत उभे राहिलेल्या घरांपैकी आपलेही एक घर होते, आणि तलावाचे पाणी हटत हटत जाऊन काठाला भेगाळलेला गाळ उघडा पडला होता, तेव्हा अप्पा डोहात उरलेल्या पाण्यावर बसून एखादी मरळ किंवा शिंगाळा घेऊन येत, आणि त्या रात्री भाकरीबरोबर खायला मिठाखेरीज काहीतरी असे. त्या वर्षी गळाला मासा लागला नाही तर मला रडू येई. पुढे पोटापाण्याची ददात मिटली, तरी पाण्याकाठी बसायची ओढ मात्र राहिली. ती का राहिली, याचे उत्तर मी आज तुला देऊ पाहते आहे, पण नीट जमेलच असे नाही.

लग्न होऊन या घरी आले तेव्हा तुझी आजी माळकरी. घरात मासा सोडाच, अंड्याचे टरफलही उंबरठ्याच्या आत येत नसे, आणि दर आषाढीला पंढरपूर ठरलेले. त्यांच्या मनाविरुद्ध जाण्याची माझी हिंमत नव्हती आणि गळ सोडण्याचीही तयारी नव्हती. म्हणून मी मासे धरून सोडू लागले. बाहेरच्या देशांत याला मोठे तत्त्वज्ञान आहे असे आता ऐकते. माझ्या बाबतीत त्यामागे केवळ सासूबाईंची तुळशीची माळ होती. सोडायचाच म्हटल्यावर मात्र त्याची रीत शिकावी लागली. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला म्हणजे मासा सुटण्याची भीती वाढते, पण त्याचा जबडा फाटत नाही. हात आधी पाण्यात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि तो थरच त्याला रोगापासून सांभाळतो. चिलापीला धरताना तळहात डोक्याकडून शेपटीकडे फिरवायचा, म्हणजे पाठीवरचे काटे आपोआप मिटतात. उलट फिरवलास तर पुढचा सबंध दिवस बोटे ठणकतात.

सासूबाईंना मी "शाळेच्या कामाने जाते" असे सांगत असे. हे खोटे होते, आणि ते मी वर्षानुवर्षे बोलले. एकदा गळ अंगठ्यात उलट्या काट्यापर्यंत रुतला, तेव्हा डॉक्टरांनी तो मागे ओढण्याऐवजी पुढेच ढकलून बाहेर काढला, काटा छाटला आणि मग उरलेली तार मागून काढली. घरी मी शिवणयंत्राची सुई टोचल्याचे सांगितले. आजी काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीतून गांडुळांचा डबा सांडला होता तो त्यांनीच निमूटपणे बागेत नेऊन पालथा केला होता, हे मला फार उशिरा कळले.

लोक काय म्हणत, तेही सांगते. गळ टाकून बसलेल्या पुरुषाला वाटेने जाणारा "काय लागले का?" असे विचारतो. मला विचारीत, "बाई, काय हरवले का?" शाळेतल्या सहकाऱ्यांना तर हा प्रकार शोभेचा वाटलाच नाही. इतिहास शिकवताना मला एक गोष्ट हाती लागली, आणि मी ती शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने सांगितली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यात आपला हा मुलूखही होता, त्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' असा एक स्वतंत्र भाग आहे आणि माशांचे प्रकार, त्यांना घालायचा चारा आणि गळाने मासा धरण्याची रीत यांचे तपशील दिलेले आहेत. राजा गळ घेऊन बसला तर तो विनोद, आणि प्राथमिक शाळेतली शिक्षिका बसली तर तो रिकामटेकडेपणा! त्यानंतर निदान माझ्या देखत कोणी काही बोलले नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. पाण्याच्या आत काय चालले आहे हे दिसत नाही, आणि तरी ते काठीच्या टोकापर्यंत येऊन पोचते, हा त्यातला खरा भाग. कटला वरच्या थरात चरतो, त्याचे तोंड वर वळलेले असते. मृगळ तळाशी असतो. रोहू मधल्या थरात फिरतो. म्हणून फ्लोटच्या, म्हणजे त्या तरंगत्या तुकड्याच्या, खाली किती दोरी सोडायची हे ठरवणे म्हणजे आज कोणाशी बोलायचे ते ठरवणे. मृगळ तळावरचा गोळा उचलतो, तेव्हा शिशाचे वजन सुटते आणि फ्लोट बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. हे ज्याला ठाऊक नाही तो तसाच बघत बसतो. वाम दिवे लागणीच्या सुमारास गांडुळाला तोंड लावते, दोनदा चाखते आणि मग एकदम दगडाच्या सांदीत शिरते. चिलापी मात्र उतावळी. फ्लोट थरथरतो आणि तिरका पळतो. पण याच चिलापीची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात वागवते आणि त्या दिवसांत काही खात नाही, म्हणून ती गळाला सहसा येत नाही. मरळीची लालसर पिल्ले पाण्याच्या पृष्ठभागावर घोळक्याने दिसली की खाली त्यांचे आई-बाप राखण करीत असतात. गळाशी काही आले तर ते त्वेषाने झडप घालतात, म्हणून त्या वेळी मरळ धरणे अगदी सोपे असते. तशा घोळक्यापाशी अप्पांनी दुष्काळातही गळ टाकला नाही. पाऊस पडून नवे पाणी आले की मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. चढणीच्या माशांवर ओढ्यात जाळी लावून तुटून पडणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

गेल्या पन्नास वर्षांत पाणीच बदलले. भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि आम्हा गळवाल्यांना समुद्रच मिळाला. सुमारे 117 टीएमसीचे (म्हणजे अब्ज घनफुटांचे) ते पाणी, त्यातले खालचे 63 टीएमसी मृत साठ्याचे. पातळी त्याखाली गेली की वर्तमानपत्रे "उजनी उणे" असे छापतात आणि अख्खे सोलापूर नळाकडे डोळे लावून बसते. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली आणि पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडले, तेव्हा मी शेजाऱ्यांच्या गाडीतून मुद्दाम पाहून आले. अप्पांच्या वेळचे शिंगाळे आता क्वचित दिसतात. दहा माशांत आठ चिलापी असतात. त्यात आता मत्स्यपेटीतून आलेला, अंगावर खडबडीत कवच असलेला सकर मासाही लागतो. तुमच्या पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इकडे येते, याची आठवण मी तुला मधूनमधून करून देत असते ती उगीच नव्हे. एका तलावावर ठेकेदाराच्या माणसाने मला चोर म्हणून हाकलले होते, तेही याच काळात. चूक माझीही होती. मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेल्या पाण्यावर विचारल्याशिवाय बसायचे नसते. तेव्हापासून मी आधी जाऊन विचारते, लागले तर पैसे भरते, आणि मगच पिशवी उघडते.

एवढे लिहिले, पण तुझ्या "नको" मागे माशाचा प्रश्न नाही, हे मला ठाऊक आहे. तू सात वर्षांचा होतास. हिप्परग्याच्या काठावर मी तुला शेजारी बसवून शेंगांची पुडी हातात दिली होती आणि माझा फ्लोट आडवा पडला होता. मृगळ मोठा होता. मी काठी उचलायच्या घाईत होते आणि तू शेवाळलेल्या दगडावरून घसरून पाण्यात गेलास. पाणी तुझ्या छातीएवढेच होते, पलीकडच्या काठावरच्या गुराख्याने हाक मारली आणि मी तुझ्या सदऱ्याला धरून ओढले, हे खरे. पण हाक त्याने मारली होती, मी नव्हे. मी त्या वेळी फ्लोटकडे बघत होते. घरी येताना तू एसटीत माझ्यापासून दूर, खिडकीला टेकून बसला होतास, आणि त्यानंतर कधी माझ्याबरोबर आला नाहीस. मी तुला तेव्हा बर्फाचा गोळा घेऊन दिला आणि आजीला सांगू नकोस म्हणून बजावले. त्या दोन्ही गोष्टींपेक्षा मी तुझी माफी मागायला हवी होती. ती आज मागते.

मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली होडी वळवाच्या वाऱ्यात उजनीत उलटून सहा माणसे गेली, तेव्हा तू रात्री अकरा वाजता फोन करून मी घरी आहे ना एवढेच विचारलेस. पाण्याची भीती तुझ्या मनात कोणी घातली हे मला तेव्हाच उमगले होते.

म्हणून आता नातीबद्दल. मी तिला शिकवणार आहे. तुझी परवानगी मागत नाही, पण माझी व्यवस्था तुला कळवते. होडीत बसायचे नाही. पाऊस किंवा वारा असेल तर निघायचे नाही. जागा मी आधी पाहून ठेवली आहे. तेथे काठ सपाट आहे, दगड कोरडे आहेत आणि पाणी चार पावलांपर्यंत गुडघ्याएवढे आहे. तिच्या अंगात तरंगणारे जाकीट असेल, उन्हाने उकडले तरी. आणि काठी एकच असेल, तिची. माझी काठी घरी राहील, गळही पिशवीत नसेल. फ्लोटकडे ती पाहील आणि मी तिच्याकडे. तू बरोबर आलास तर बरेच, नाही आलास तरी मी रागावणार नाही.

दिवाळीला येताना तिच्या मापाचे जाकीट तेवढे पुण्याहून आण, इथे लहान मुलांचे मिळत नाही. आठ नंबरचे गळ दहा आण, दुकानदार मोठे देईल, ते घेऊ नकोस. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो हे लक्षात ठेव. महागडी काठी मात्र आणू नकोस. अप्पांच्या काठीचा वरचा भाग मी जपून ठेवला आहे, तो तिच्या हाताला बरोबर येईल, आणि ज्वारीचे धाट मी गावाकडून मागवले आहे. पीठ, शेंगदाण्याची पेंड आणि गांडुळे यांची काळजी करू नकोस. गांडुळांसाठी तुझ्या आजीच्या तुळशीमागची ओली माती अजून पुरते.

सूनबाईंना आशीर्वाद, चिमुरडीला गोड पापा.

तुझी,
आई