झोपाळ्याच्या तुळईचं टेबल

आदरणीय मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

बडोद्यातलं, दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर उतरवलं, तेव्हा सगळं लाकूड भंगारात द्यायचं ठरलं होतं. वजनावर भाव झाला होता, टेंपो दारात उभा होता. तुम्ही शेजारी कामाला आला होतात. जाता जाता थांबलात, काळ्या पडलेल्या तुळईवर पटाशीने जरासं खरवडलंत. आतून सोनेरी रेषा दिसली, तेलकट वास आला. "बेन, आ तो साग छे," एवढंच म्हणालात. टेंपो रिकामा परत गेला.

त्यानंतरचे सगळे रविवार तुम्ही मला दिलेत. आधी लोहचुंबक फिरवायचं, चिकटेल तिथे खडूने फुली मारायची. एका तुळईतून ३९ खिळे निघाले! त्यातला एक जरी आत राहिला असता, तरी तुमच्या रंध्याच्या पात्याचा दात पडला असता. दारांचा जुना तेलरंग मी कोरड्या पॉलिश पेपरने घासायला घेतला, तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ लेकराच्या नाकातोंडात जाईल, म्हणालात. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून आली; आमची दारं तर आजोबांच्या वेळची. मग आपण ओलं करून खरवडलं आणि चोथा पिशवीत बांधला. मकरपुऱ्याहून आणलेल्या पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटींच्या, फळ्यांवरचा शिक्का वाचायलाही तुम्हीच शिकवलंत: 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेली फळी, ती चालेल, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती घरात आणायची नाही.

तुळईत आजीच्या झोपाळ्याच्या कडीचं भोक होतं. लोखंडाने भोवतीचा साग काळा पडला होता. भुसा आणि फेविकॉल कालवून मी ते बुजवायला बसले, तर तुम्ही वाटीच बाजूला ठेवलीत. "रहेवा दो." आणि मापं अशी घेतलीत की ते भोक टेबलाच्या वरच्या फळीवरच आलं, भिंतीकडच्या कोपऱ्यात. पाय जोडताना एकही नवा खिळा मारला नाहीत, खाचेत खाच बसवलीत.

काका, आई आता जेवायला त्याच कोपऱ्यात बसते. बोट त्या काळ्या वर्तुळावरून फिरत असतं. लेक त्या भोकात पेन्सिल उभी करते.

उरलेल्या तुकड्यांच्या पाटाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. दसऱ्याला काकींना घेऊन जेवायला या. श्रीखंड आई करणार आहे, आणि तो पाट तुमच्यासाठीच मांडून ठेवते.

तुमची,
दांडिया बाजारातली बेन