व्हॉयनिच हस्तलिखित : अर्थाआधी चिन्हाची जागा पाहा

संपादक महोदय,

अनोळखी लिपीतल्या आणि आजवर कोणालाही वाचता न आलेल्या सचित्र व्हॉयनिच हस्तलिखिताचे कोडे सुटल्याची बातमी अधूनमधून येते आणि काही महिन्यांत विरून जाते. अशा दाव्यांत बहुतेकदा एकच चूक असते. पानावरच्या एखाद्या नक्षीदार चिन्हावर बोट ठेवायचे, ते कशासारखे दिसते ते सांगायचे आणि तिथून थेट अर्थावर उडी मारायची. ते चिन्ह पानावर नेमके कुठे आहे, किती वेळा आले आहे आणि कोणाच्या हातचे आहे, हे तपासायचे राहूनच जाते.

हे हस्तलिखित १९१२ मध्ये विल्फ्रिड व्हॉयनिच या ग्रंथविक्रेत्याच्या हाती आले. आज ते येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात ‘हस्तलिखित ४०८’ म्हणून जपलेले आहे. त्याच्या चार पानांच्या नमुन्यांची कार्बन चाचणी झाली, तेव्हा चर्मपत्राचा, म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेल्या कातड्याचा, काळ १४०४ ते १४३८ असा निघाला. युरोपला अमेरिका ठाऊक होण्याआधीचा हा काळ. त्यामुळे कुठल्याशा फुलात अमेरिकेतले सूर्यफूल दिसले, एवढ्यावर उभा राहिलेला दावा पहिल्याच पायरीवर घसरतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो उंच, फासाच्या खांबासारख्या दिसणाऱ्या अक्षरांबाबत. अभ्यासक त्यांना ‘गॅलोज’ म्हणतात. त्यांचे मुख्य प्रकार चार : दोन पाय व एक फास, दोन पाय व दोन फास, एक पाय व एक फास, एक पाय व दोन फास. दोन पायांची अक्षरे मजकुरात सगळीकडे विखुरलेली आहेत. एका पायाची मात्र बहुतांशी परिच्छेदाच्या पहिल्या ओळीतच सापडतात. म्हणजे त्यांना एखाद्या व्यंजनाचा उच्चार देणाऱ्याने आधी हे सांगायला हवे की तो उच्चार दुसऱ्या ओळीपासून पुढे जवळपास नाहीसा का होतो. काही ठिकाणी तर फास लांबवून तीन-चार अक्षरांच्या डोक्यावरून नेला आहे, त्याला वेलबुट्टी काढली आहे. ही लेखनिकाची सजावट असण्याची शक्यता मोठी आहे. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग तिला अक्षरे लटकवत. ही रीत ठाऊक नसलेला परका माणूस त्या रेषेलाही अर्थ चिकटवेल. सजावट बाजूला काढून आत कोणते अक्षर उरते ते पाहावे आणि मगच मोजणी करावी.

सत्तावन्नाव्या पानाच्या मागच्या बाजूला वर्तुळांची आकृती आहे. तिच्या एका कड्यात सतरा चिन्हांची माळ चार वेळा येते. त्यातली काही चिन्हे इतरत्र क्वचितच दिसतात, म्हणून हौशी उलगडाकार तिच्यावर तुटून पडतात. तिचा खरा उपयोग वेगळाच आहे. चारही माळा एकाखाली एक मांडाव्यात आणि पहिल्या चिन्हाखाली पहिले, दुसऱ्याखाली दुसरे असे जुळवावे. एकाच चिन्हाची चार रूपे शेजारी आली की शेपटीची लांबी, फासाचा गोलपणा, रेघेचा कल यांत लेखनिकाचा हात किती हलतो ते डोळ्यांना दिसते. तेवढ्या फरकाला दुसरीकडे वेगळे अक्षर मानणे चूक आहे.

पहिल्या पानावर लाल रंगातली काही विलक्षण चिन्हे आहेत. त्यांतले एक पक्ष्यासारखे भासते. एकदाच येणाऱ्या चिन्हाला कोणताही अर्थ दिला तरी तो खोटा ठरवता येत नाही, म्हणूनच त्याच्यावर काहीच सिद्ध करता येत नाही. ही चिन्हे नोंदवून बाजूला ठेवावीत, हेच बरे.

संगणकाच्या पडद्यावर पानांची छायाचित्रे मोठी करून पाहणाऱ्यांनी कातड्याचा स्वभावही ओळखायला हवा. चर्मपत्राच्या केसांकडच्या बाजूला केसांच्या मुळांचे ठिपके दिसतात, ते शाईचे नसतात. पातळ जागी मागच्या बाजूची रेघ पुढे डोकावते. यावर उपाय सोपा आहे : मागच्या बाजूचे चित्र आरशासारखे उलटे करून पुढच्यावर ठेवा. संशयित खूण रेघेवर बसली तर ती खूण मागचीच. रंगाचे डाग समोरच्या पानावरही उमटतात, म्हणून शेजारचे पान पाहिल्याशिवाय एकही ठिपका मोजू नये. रंग तर अनेक ठिकाणी रेघांबाहेर सांडला आहे. तो त्याच माणसाने आणि त्याच वेळी भरला असे गृहीत धरून रंगांचे संकेत लावणे धोक्याचे आहे.

पानांवर नंतरचे हातही आहेत. राशींच्या वर्तुळांतली महिन्यांची नावे लॅटिन लिपीत आहेत आणि ती मागाहून लिहिलेली मानली जातात. मूळ मजकूरही सगळा एकसारखा नाही. अमेरिकी नौदलातले गुप्तलिपितज्ज्ञ प्रेस्कॉट करियर यांनी १९७० च्या दशकातच त्यातल्या लेखनाच्या दोन तऱ्हा वेगळ्या काढल्या आणि त्यांना ‘ए’ व ‘बी’ अशी नावे दिली. एका तऱ्हेच्या पानांवर बसवलेला अर्थ दुसऱ्या तऱ्हेच्या पानांवर आपोआप बसेल असे धरून चालत नाही. किल्ल्याच्या चित्रातल्या माशाच्या शेपटीसारख्या तटबंदीवरून उत्तर इटलीचा तर्क केला जातो. तो विचारात घेण्याजोगा आहे, पण चित्रकार न पाहिलेला किल्लाही दुसऱ्या चित्रावरून काढू शकतो.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांना कळकळीची विनंती आहे. पुढचा दावा छापण्यापूर्वी दावेदाराला सांगावे की त्याने त्याच रीतीने आणखी दहा परिच्छेद वाचून दाखवावेत. पाच ‘ए’ तऱ्हेच्या पानांवरचे आणि पाच ‘बी’ तऱ्हेच्या. ते परिच्छेद त्याने स्वतः निवडलेले नसावेत आणि मधेच अक्षरांचे उच्चार बदलण्याची मुभा त्याला देऊ नये.

आपला,
जुन्या हस्तलिखितांचा एक अभ्यासक