आईची मशीन आणि मनूची सुट्टी

लीड्स,
रविवार दुपार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसू नकोस. पत्राची सुरुवात अशी झाली नाही तर बाबा पत्र परत करायचे, ती सवय अजून गेलेली नाही.

काल आईशी फोन झाला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "ती पायमशीन काढून टाकतेय, कबाडी येऊन बघून गेला." मी नुसतं हं केलं. तिच्याशी फोनवर वाद घालून आपल्या घरात अजून कुणी जिंकलेलं नाही. म्हणून तुला लिहितोय. तुझी मनू मे महिन्यात इंदूरला आजीकडे जाणार, तिला शिवण शिकायचंय, हे तूच सांगितलंस ना? मग ती मशीन रामबागेतल्या त्या खिडकीखालून हलता कामा नये. नाशिकहून तू फोन केलास तर ऐकेल.

खरी गोम गुडघ्यांत आहे. पायटा मारवत नाही हे ती कबूल करत नाही, "आता कोण शिवतंय घरी" असं म्हणते. जुन्या काळ्या मशीनला मागच्या बाजूने छोटी मोटर बसवता येते. पायाखाली बटण येतं, पायटा मारायचा प्रश्नच राहत नाही. मशीन दुरुस्त करणारा माणूस घरी येऊन तासाभरात बसवून देतो. एवढं काम तू फोनवरून लावून दे, पैसे मी पाठवतो.

दुसरी भीती मनूची. आईने तुला कसं शिकवलं आठवतं? महिनाभर कागदावर. सुईत दोरा नाही, समोर जुन्या वहीचं रेघांचं पान, आणि रेघ न सोडता भोकं पाडत जायचं. मी ती पानं खिडकीशी धरून त्यातून येणारं ऊन बघायचो. पद्धत चांगलीच आहे, हाताला सरळ रेघ कळते. पण मनूला दोन दिवस पुरे. तुझं कागदावरचं संपलं आणि आईने एकदम ब्लाउजचं कटिंग काढलं, मुंढा, कटोरी, टक्स. तू मशीनकडे पाठ फिरवलीस ती आजतागायत. आणि मला कुणी विचारलंच नाही. मी मुलगा, मी फक्त सुईत दोरा ओवून द्यायला!

इथे शिकलो तो निव्वळ रागाने. ऑफिसच्या पँटची तुरपाई करायला एका दुकानात १४ पौंड घेतले, वर एक पाय अर्धा इंच आखूड. त्याच आठवड्यात चॅरिटी शॉपमधून जुनी मशीन आणि दोन सुती चादरी उचलून आणल्या. चादर म्हणजे स्वस्तात मिळालेलं चार-पाच मीटर कापड, बिघडलं तरी जीव हळहळत नाही. मनूलाही आईच्या जुन्या चादरी दे म्हणावं. महेश्वरी साड्यांच्या पेटीला मात्र हात लावायचा नाही. त्यांचा काठ दोन्हीकडून सारखा दिसतो म्हणून मोह होतो, पण रेशमी ताणा आणि सुती बाणा, नवशिक्याच्या हाताखाली ते कापड सुळकन सरकतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिले दोन महिने अंगावरचं काही शिवायचं नाही. अंगाला गोलाई असते, पिशवीला नसते. चौकोन कापायचे, सरळ टिपा मारायच्या.

सुरुवात पोळ्यांच्या रुमालाने. चौकोनी कापड, चारही बाजू पाव इंच आणि मग अर्धा इंच दुमडून टीप. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण सगळी कसोटी कोपऱ्यात आहे. सुई कापडात रुतलेली ठेवायची, दाब (कापड दाबून धरणारा तो लोखंडी पाय) उचलायचा, कापड फिरवायचं, दाब खाली. सुई वर ठेवून फिरवलं की टीप सरकलीच. आणि दुमड आधी इस्त्रीने बसवून घ्यायची. आई म्हणते तसा "कच्चा", म्हणजे हाताने तात्पुरता लांब टाका, घातला तरी चालेल, पण मनू कच्चा घालत बसणार नाही हे मला आत्ताच दिसतंय.

मग उशीचा अभ्रा, चेनबिनची भानगड नसलेला. हा मी इतक्या वेळा केलाय की मापं पाठ आहेत. १६ इंची उशी असेल तर पुढचा तुकडा १७ बाय १७. मागे दोन तुकडे, प्रत्येकी १७ बाय साडेबारा. मागच्या दोघांची एकेक १७ इंची कड आधी अर्धा आणि मग एक इंच दुमडून टीप मारून घ्यायची. आता पुढचा तुकडा सुलटी बाजू वर करून पसरायचा, त्यावर मागचे दोन्ही उलटे ठेवायचे, टीप मारलेल्या कडा मधे एकमेकींवर पाच इंच चढतात. चारी बाजूंनी अर्धा इंच माया (टिपेबाहेरचं कापड) सोडून टीप, कोपऱ्यांची टोकं तिरकी छाटायची, आणि त्या मधल्या फटीतून उलटवायचं. गंमत म्हणजे १७ अधिक साडेबारा अधिक साडेबारा म्हणजे ४२, आणि सुती कापडाचा पन्हा असतो ४४ इंच. म्हणजे अर्ध्या मीटरमध्ये एक अभ्रा बरोब्बर निघतो. हा हिशोब जमला त्या दिवशी मी एकटाच घरात टाळी वाजवली होती.

कापड कापायच्या आधी धुवायचं, हे मनूच्या वहीत पहिल्या पानावर लिहून दे. स्वयंपाकघराच्या खिडकीला मी ६० इंची पडदा शिवला, मग धुतला, तो ५८ भरला. समोरच्या आजींना आमचा सिंक दिसतो आता. बाग प्रिंट, म्हणजे आपल्याकडच्या बाग गावचं ठशांनी छापलेलं कापड, आणलं तर जास्तच जपायचं, पहिल्या दोन धुण्यांना त्याचा रंग सुटतो, वेगळ्या बादलीत.

तिसरी पिशवी. ही मनूला सगळ्यात आवडेल, आणि इंदूरला तर तिचा मान मोठा. २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं यायला लागलं, तेव्हापासून आई भाजीला झोल्याशिवाय निघत नाही. इथेही २०१५ मध्ये प्लास्टिकच्या पिशवीला ५ पेन्स लागले, २०२१ मध्ये १० झाले. मी पिशवी शिकलो ती त्यामुळेच, आणि पहिली पिशवी अशी केली की ती उघडेचना. एका पट्ट्याचं एक टोक पुढच्या बाजूला लावलं, दुसरं मागच्या. दुसऱ्याचंही तसंच. तोंडावर दोन पट्टे आडवे, आत बटाटा जाईना. मनूला नीट सांग, एका पट्ट्याची दोन्ही टोकं एकाच बाजूला.

१७ बाय ३६ इंचाचं कापड दुमडून अर्धं करायचं, बाजूंना टिपा मारायच्या, तोंड दुमडायचं. पट्टे चार इंच रुंद नि २४ इंच लांब, चारपदरी दुमडून एक इंचाचे करायचे. पट्ट्याच्या टोकावर चौकोन शिवून त्यात फुली मारायची, तरच वजन पेलतं. कडेचे दोरे निघू नयेत म्हणून इंटरलॉक (कड गुंडाळून शिवणारी मशीन) हवं असं सगळे म्हणतात. घरी नसेल तर आधी सुलटी बाजू बाहेर ठेवून शिवायचं, पाव इंचावर. मग उलटवून पुन्हा शिवायचं, यावेळी जरा जास्त माया ठेवून. कडा आत बंद.

हे जमलं की जमिनीवर पाय ठेवला समज. मग इलॅस्टिकचा घागरा कर म्हण, कमरेच्या दीडपट-दुप्पट घेराचं कापड, वर इलॅस्टिक ओवायला नेफा, झालं. फ्रॉक दिवाळीला.

एक गोष्ट आईने कधी सांगितली नाही, कारण तिच्या हाताला ती न सांगता येत होती. टीप घातली आणि कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की मनू बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देईल. शंभरातल्या नव्वद वेळा चूक वरच्या दोऱ्यात असते. दाब खाली असताना दोरा ओवला तर दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, मोकळा सुटतो आणि खाली जाऊन गुंततो. दाब वर करून ओवायचा. शिवताना पहिले दोन-तीन टाके दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची. मोटर बसेपर्यंत पायटा मारायचा असेल तर चाक उलटं फिरलं की दोरा तुटलाच, म्हणून मशीनच्या चाकाचा पट्टा काढून नुसते पाय चालवायची सवय आधी.

सुया बदलायला सांग. आईच्या डबीत माझ्या मुंजीपासूनच्या सुया असतील. चादरीसारख्या सुती कापडाला १४ नंबरची, पाकिटावर ९०/१४ असतं, ९० म्हणजे जाडी ०.९ मिलिमीटर. जीन्सला १६. सुई बोथट झाली की कापडावर टपटप आवाज येतो, तो ऐकला की टाकून द्यायची. अस्तर, इलॅस्टिक, दोरे सगळं शीतलामाता बाजारात मिळेल, आई रस्ता दाखवेल. तिला तेवढंच निमित्त हवं असतं बाहेर पडायला.

कातरण फेकू देऊ नका. एका उशीत भरा, नाहीतर आईला गोधडीचा विषय काढून बघ.

भावोजींना नमस्कार, मनूला आशीर्वाद. मशीनबद्दल आईशी बोललीस की मला मेसेज टाक, आणि कबाडीला परत फिरव. मनूची पहिली पिशवी मला पाठवा, पट्टे आडवे लागले असतील तरी.

तुझा,
बाळू