टायबेरियसचा 'चांदीचा' डेनारियस आतून तांब्याचा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : चांदीचे म्हणून विकलेले रोमन नाणे मुलाम्याचे निघाल्याबाबत

महोदय,

आपल्याकडून मागवलेला रोमन सम्राट टायबेरियसचा (कारकीर्द इ.स. 14 ते 37) डेनारियस, म्हणजे रोमन चांदीचे नाणे, मिळाला. एका बाजूला सम्राटाचे डोके, दुसऱ्या बाजूला बसलेली स्त्री आणि 'पाँटिफ मॅक्सिम' (महापुरोहित) ही अक्षरे. छापाबद्दल तक्रार नाही. तक्रार धातूची आहे. प्रमाणपत्रावर '3.75 ग्रॅम, अस्सल चांदी' असे आहे. काट्यावर नाणे 3.12 ग्रॅम भरते.

फोनवर सांगण्यात आले की नाणे झिजले असेल, शिवाय रोमन नाण्यांचे वजन उतरतच गेले होते. वजन उतरवले नीरोने, इ.स. 64 च्या सुमारास. एका रोमन पौंडातून 84 ऐवजी 96 नाणी पाडली जाऊ लागली. तोवर टायबेरियसला जाऊन 27 वर्षे झाली होती. राहिली झीज. झिजेने वजन घटते, घनता नाही. नाणे दोऱ्याला टांगून पाण्यात तोलले, तेव्हा 2.77 ग्रॅम भरले. फरक 0.35, म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन; 3.12 ला त्याने भागले की नाण्याची घनता 8.9. चांदीची घनता 10.5, तांब्याची 8.96. फरकात 0.01 ग्रॅमची चूक धरली तरी आकडा 9.2 च्या पुढे जात नाही.

भिंगातून पाहिल्यास कानामागे पत्रा सुटलेला दिसतो आणि खाली हिरवट तांबे. तांब्याच्या चकतीला चांदीचा पत्रा गुंडाळून, तापवून ठसा मारायचा, ही बनवाबनवी रोमन काळातलीच. अशी नाणी आवर्जून जमवणारेही आहेत, पण ती तशी सांगून, त्या भावाने विकावीत. प्रमाणपत्रावरचे वजन तर दुसऱ्याच नाण्याचे लिहिलेले दिसते.

डबीतल्या पत्रकात 'काळपटपणा असल्यास चिंच लावून घासा' असा सल्ला आहे. हे देवघरातले निरांजन नव्हे! चिंचेचे आम्ल त्या फटीतून आत शिरले की तांबे खाईल आणि उरलेला पत्राही उचलला जाईल.

नाणे न घासता, न पुसता परत पाठवत आहे. पूर्ण रक्कम व कुरिअरचा खर्च 15 दिवसांत मिळावा. आपल्या यादीतील गॅलिएनस या तिसऱ्या शतकातल्या रोमन सम्राटाच्या शेवटच्या वर्षांतील नाण्यांपुढचा 'चांदी' हा शब्दही काढावा. त्यांत चांदी जेमतेम काही टक्के असते.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : प्रमाणपत्र, पावतीची प्रत, काट्यावरील दोन्ही वजनांचे व कानामागच्या भागाचे फोटो